रिद्धपूर ते वलगाव : वऱ्हाडातील वृद्धांचा सांभाळ

वृद्ध माणसांनी कुटुंबाबाहेर, आपल्यासारख्याच इतरांसह, एखाद्या संस्थेच्या छपराखाली राहावे, ही गोष्ट आपल्याकडे अजून खाली आवाजात बोलली जाते. अचलपूर-परतवाड्यासारख्या गावात 'त्याने आईला वृद्धाश्रमात ठेवले' हे वाक्य बहुधा त्या मुलाच्या निंदेसाठीच उच्चारले जाते. ह्या निंदेच्या मुळाशी एक समजूत आहे. पूर्वी आपल्या समाजात सगळे वृद्ध घरातच सुखाने नांदत होते; वृद्धाश्रम ही चाल परकी आहे; इथल्या मातीत तिला इतिहास नाही, अशी ती समजूत होय. आजच्या व्याख्यानात आम्ही ती तपासून पाहणार आहोत. त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. अचलपुराभोवतीच्या दीड दिवसाच्या चालीच्या टापूत जे घडले, त्यातूनच पुष्कळसे उत्तर मिळण्यासारखे आहे.

समजुतीचा पहिला भाग आधी घेऊ. पूर्वी सर्व वृद्धांचा सांभाळ घरीच होत असता, तर त्यासाठी कायदे करण्याची पाळी आली नसती. पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, ऐपत असून आईबाप, बायकामुले आणि लहान भावंडे यांना न पोसणाऱ्यास बारा पण दंड सांगितला आहे. बायकापोरांची सोय न लावता संन्यास घेणाऱ्यालाही दंड आहे. शिवाय लहान मुले, वृद्ध, आजारी आणि निराधार यांचे पोषण राजाने करावे, असेही त्याच ग्रंथात म्हटले आहे. दंड सांगितला जातो तो घडणाऱ्या अपराधाला. तेव्हा आईबापांना वाऱ्यावर सोडणारी मुले त्या काळीही होती आणि अशा वृद्धांचे काय करावे हा प्रश्न राज्यकर्त्यांपुढे होता, एवढे तरी त्यावरून सिद्ध होते.

आता वऱ्हाडाकडे वळू. अचलपूर जुने नगर आहे हे श्रोत्यांना सांगायला नको. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ह्या एका नावासाठी स्वतंत्र नियम दिला, आणि त्यातील च व ल ह्या वर्णांची अदलाबदल होऊन 'अलचपूर' होते असे नोंदले. 'एलिचपूर' हे पुढचे रूप त्याच वळणावरचे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींचे वास्तव्य येथे घडले. अष्टमहासिद्धी हे त्यांचे स्थान महानुभाव यात्रेकरूंच्या परिचयाचे आहे. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे गाव येथून पूर्वेला, चांदूर बाजारच्या पुढे, मोर्शी तालुक्यात आहे. ते गाव म्हणजे रिद्धपूर.

चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राऊळ हे रिद्धपूरचे. लहानपणी आईबाप गेले, तेव्हा आजोळच्या माणसांनी त्यांना येथे आणून वाढविले. पुढचे सारे आयुष्य त्यांनी ह्याच गावात काढले. त्यांची वागणूक जगावेगळी होती. ते कोणाच्याही घरात शिरत, हवे ते मागून खात, पोरांबरोबर खेळत, देवळादेवळांतून हिंडत आणि मातंगांच्या वस्तीतही निःसंकोच जात. गाव त्यांना वेडा म्हणून हाकलीत नसे. राऊळ म्हणजेच आपली आई आणि आपला बाप, असे लोक मानीत. १२७४ च्या सुमारास चक्रधर दृष्टीआड झाले. त्यांच्या आज्ञेप्रमाणे नागदेवाचार्य, म्हाइंभट, महदाइसा आदी शिष्यमंडळी रिद्धपुरी येऊन राहिली आणि गोविंदप्रभूंच्या सेवेत त्यांनी एका तपाहून अधिक काळ घालविला. परंपरेने गोविंदप्रभूंचे जन्मवर्ष ११८७ सांगतात. ते धरले तर ह्या काळात ते नव्वदीच्या आसपास होते. एक अतिवृद्ध पुरुष आणि त्याच्याभोवती, रक्ताचे नाते नसलेल्या स्त्रीपुरुषांचे हे बिऱ्हाड. वऱ्हाडातील वृद्धसेवेचा तपशीलवार लिहिलेला इतिहास आमच्या मते येथून सुरू होतो.

हा इतिहास आपल्या हाती आला तो म्हाइंभटाच्या लेखणीमुळे. गोविंदप्रभूंच्या मागे, तेराव्या शतकाच्या अखेरीस, त्याने त्यांचे चरित्र लिहिले. डॉ. वि. भि. कोलते यांनी ते संपादून मराठी वाचकांपुढे ठेवले, आणि १९८४ साली अॅन फेल्डहाउस यांचे इंग्रजी भाषांतरही प्रसिद्ध झाले. चरित्रग्रंथात चमत्कार असतात तसे येथेही आहेत. पण त्याहून अधिक आहेत ते रोजचे प्रसंग. राऊळ कोठे गेले, काय मागितले, कशावर रुसले, कोणी समजूत काढली, हे सारे बारकाईने टिपलेले आहे.

त्यातला एकच प्रसंग पाहू. एके दिवशी गोविंदप्रभूंनी महदाइसेजवळ धिरड्याचा हट्ट धरला. तिने साहित्य जमवून धिरडे करून वाढले. ते म्हणाले, हे धिरडे नव्हे. तिने निराळ्या तऱ्हेने केले, तरी नकोच. पुन्हा विचार करून, पुन्हा चूल पेटवून, त्यांच्या मनातले धिरडे साधेपर्यंत ती करीत राहिली. ज्यांनी घरात ऐंशीपलीकडचे माणूस सांभाळले आहे, त्यांना ह्या प्रसंगाचे मर्म सांगावे लागणार नाही. दात गेलेल्या, चव बदललेल्या माणसाला जे हवे असते ते बहुधा त्याच्या लहानपणचे असते, आणि ते शब्दांत नीट सांगता येत नाही. 'वाढले ते खा' असे म्हणणे सोपे असते. महदाइसेने ते म्हटले नाही.

दुसरा प्रसंग तर वाङ्मयाच्या इतिहासात नोंदला गेला आहे. एकदा गोविंदप्रभूंच्या मनाने लग्न करण्याचे घेतले. शिष्यांनी त्यांची थट्टा केली नाही, त्यांना गप्पही बसविले नाही. त्यांनी लग्नाचा थाट मांडला आणि महदाइसेने वर म्हणून त्यांच्यापुढे श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची गाणी रचून म्हटली. तेच तिचे 'धवळे'. महदंबा मराठीची आद्य कवयित्री ठरली ती ह्या रचनेमुळे. एका वृद्धाच्या लहरीचा मान राखताना मराठी कवितेचे एक दालन उघडले, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

येथे एक आक्षेप येईल. हे शिष्य गोविंदप्रभूंना परमेश्वर मानीत होते. तेव्हा ही ईश्वरसेवा झाली, तिला वृद्धसेवा कशी म्हणावी? आक्षेप रास्त आहे. तथापि त्याच पंथात सामान्य वृद्धांविषयी काय भाव होता, याचाही पुरावा उपलब्ध आहे. नागदेवाचार्यांच्या आठवणींचा 'स्मृतिस्थळ' नावाचा ग्रंथ आहे. केशिराजबास हे संस्कृतचे मोठे पंडित. त्यांच्या मनात संस्कृतात लिहावे असे आले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडविले. त्यांचे कारण असे की, त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील. पंथात प्रौढ आणि वृद्ध स्त्रिया पुष्कळ होत्या. संस्कृत त्यांना येत नव्हते. त्या म्हाताऱ्यांची सोय पाहून ग्रंथरचनेची भाषा ठरली. त्या म्हाताऱ्या जेवत होत्या, त्यांना छप्पर होते. पण तेवढ्याने नागदेवाचार्यांचे समाधान नव्हते. त्यांना समजले पाहिजे, त्यांना प्रश्न विचारता आले पाहिजेत, हीही त्यांना गरज वाटली. आज रिद्धपुरास मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहत आहे. त्यासाठीचा कायदा २०२३ साली झाला. ज्या गावात हे विद्यापीठ येते, त्या गावच्या मराठीवर सातशे वर्षांपूर्वीच्या म्हाताऱ्यांचे ऋण आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता घरातल्या वृद्धांकडे पाहू. कारण बहुसंख्य वृद्ध तेव्हाही घरातच होते. जुन्या वऱ्हाडी घरात म्हातारा माणूस रिकामा बसलेला क्वचितच आढळे. बुढा अंबाडीचे दोर वळी, गुरांवर नजर ठेवी, वाळवणाची राखण करी. बुढी धान्य निवडी, वाती वळी, नातवंडे सांभाळी, आणि घरच्या कापसाची सरकी हाताच्या रेच्यावर काढी. ह्या कामाला पैसा मिळत नसे, पण त्यावाचून घरचा दिवस पार पडत नसे. म्हाताऱ्याचा घरातला मान धर्माने सांगितलेला होता खरा. परंतु त्याला ह्या कामाचाही आधार होता.

पुढे काळ बदलला. १८६७ पर्यंत मुंबईचा लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचला. त्याच्या आगेमागे सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने आले. १९१३ मध्ये मूर्तिजापूर-एलिचपूर ही छोटी गाडी सुरू झाली. कापूस घरात न येता बोंडातून थेट कारखान्याकडे जाऊ लागला. बुढीचा रेचा अडगळीत पडला. दोर बाजारात मिळू लागले. शिकलेली मुले नोकरीसाठी आधी अमरावती-नागपूरला आणि नंतर मुंबई-पुण्याला गेली. मुलांची माया आटली असे म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. माया होती, पण म्हाताऱ्या हातांचे काम गेले, आणि कामाबरोबर दिवसातली त्यांची जागाही गेली. ह्या बदलाचा विचार न करता केवळ नव्या पिढीला दोष देणे इतिहासाला धरून नाही.

अशा निराधारांसाठी संस्था आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात दिसू लागल्या. पुण्यात १८६० नंतरच्या काही वर्षांत डेव्हिड ससून यांच्या देणगीतून अनाथ-पंगूंसाठी निवास उभा राहिला. आज तो 'निवारा' ह्या नावाने चालतो. वऱ्हाडात १८९९-१९०० च्या दुष्काळात खडी फोडण्याची कामे निघाली. ज्यांच्याने ती होत नव्हती अशा अशक्तांसाठी दुष्काळी नियमांप्रमाणे गरीबखान्यांची सोय असे. गरीबखान्यात अन्न मिळे, आणि त्याने जीव वाचत. पण तेथे जाण्याची लोकांना लाज वाटे, कारण तेथे माणूस केवळ एक तोंड म्हणून मोजला जाई.

त्या दुष्काळाच्या वेळी तेविशीत असलेला एक तरुण ह्याच परिसरातला होता. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच आपले गाडगेबाबा. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, गाव अंजनगाव सुर्जीजवळचे शेंडगाव. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. पूर्णेकाठच्या ऋणमोचन येथून त्यांच्या लोकसेवेला आरंभ झाला. यात्रेत आंधळ्या-पांगळ्यांना अन्न देणे हे तिचे एक मुख्य अंग होते. पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. बाबांच्या नावाने जो दहा कलमांचा संदेश सर्वत्र लावलेला असतो, त्यात भुकेल्यांना अन्न आणि उघड्यांना वस्त्र आहेच; पण बेकारांना रोजगार आणि दुःखी-निराशांना हिंमत हीही कलमे आहेत. हिंमत ही वस्तू अन्नाच्या पंक्तीला बसविणारा हा पुरुष स्वतः गावात शिरताच प्रथम खराटा हाती घेई आणि झाडल्यावर भाकरी मागे. श्रमावाचून घेतलेले अन्न त्यांना गोड लागत नसे. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेत असता, वलगावजवळ पेढी नदीपाशी त्यांचे देहावसान झाले. अचलपूरहून अमरावतीला जाताना आपण सारे ह्याच वलगावातून जातो. तेथे आज त्यांच्या नावाने वृद्धाश्रम आहे. ज्या वाटेवर एका ऐंशी वर्षांच्या फिरस्त्याचा प्रवास संपला, त्या वाटेवर घर सुटलेल्या वृद्धांना आसरा मिळावा, हे उचितच झाले.

अमरावतीचेच दुसरे उदाहरण तपोवनाचे आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये श्रीजगदंबा कुष्ठनिवास स्थापन केला. तो रुग्णांसाठी होता, वृद्धांसाठी नव्हता. परंतु कुष्ठरोग औषधाने बरा होऊ लागला तरी समाजाच्या मनातले भय गेले नाही. बरी झालेली कितीतरी माणसे घरी परतू शकली नाहीत, आणि तरुणपणी आलेली तेथेच म्हातारी झाली. अशा प्रकारे इस्पितळाचे गाव बनले. त्या गावाला टिकवून धरले ते शेती, विणकाम, सुतारकाम अशा उद्योगांनी. बोटे झडलेला माणूसही आपल्या हाताने काही करतो आणि ते लोक विकत घेतात, हा अनुभव दाजीसाहेबांनी औषधाइतकाच मोलाचा मानला.

आणि अगदी जवळचे उदाहरण आपल्याच तालुक्यातील वझ्झरचे. शंकरबाबा पापळकर यांनी तेथे टाकून दिलेल्या अपंग, मतिमंद, अंध मुलांना वाढविले, आपले नाव दिले; २०२४ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. हे बालकांचे घर. मग त्याचा उल्लेख येथे का? कारण प्रश्न तोच आहे. अठरा वर्षे पूर्ण होताच बालगृहातून बाहेर पडावे, असा सरकारी नियम. ज्याला जगात कोणी नाही, त्याने एकोणिसाव्या वर्षी कोठे जावे? शंकरबाबांचे मागणे असे की, अशांना आजन्म त्याच घरात राहता यावे. तेथल्या मुलांनी माळावर झाडे लावली आणि जगविली. ज्यांना इतरांनी सांभाळावयाचे, त्यांच्या हाती सांभाळण्यासाठी काही देणे, ही त्या झाडांमागची दृष्टी.

ही दृष्टी भाबडी नाही. १९७६ साली एलेन लँगर आणि ज्यूडिथ रोडिन ह्या दोन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी अमेरिकेतील एका वृद्धगृहात केलेला प्रयोग पुढे फार गाजला. एका मजल्यावरील वृद्धांना सांगितले गेले की, खोली कशी लावायची, चित्रपट कोणत्या दिवशी पाहायचा हे तुम्ही ठरवा. आणि प्रत्येकाला एक रोपटे स्वतः निवडून सांभाळायला दिले. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोपटी दिली, पण पाणी परिचारिका घालतील असे सांगितले. सेवा दोन्हीकडे चांगलीच होती. तीन आठवड्यांनी पाहता पहिल्या मजल्यावरील माणसे अधिक आनंदी आणि अधिक हालती-बोलती आढळली. जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरी १५२१ मध्ये याकोब फुगर ह्या सावकाराने गरिबांसाठी वसविलेली वसाहत आजही नांदती आहे. वर्षाचे भाडे एक ऱ्हाइनी गुल्डन, आजच्या हिशेबाने एका युरोहूनही कमी. पण तेथे प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचे दार आहे, आणि अंधारात चाचपून आपले दार ओळखता यावे म्हणून घंटेच्या मुठी निरनिराळ्या आकारांच्या केलेल्या आहेत. दान घेणाऱ्यालाही आपले दार असावे, एवढा विचार त्या सावकाराच्या वसाहतीत झाला होता.

आता आजच्या परिस्थितीचा हिशेब. २०११ च्या जनगणनेत साठीपुढची माणसे देशात दहा कोटींहून अधिक होती, म्हणजे शेकडा ८.६; महाराष्ट्रात हे प्रमाण शेकडा दहाच्या जवळ होते. १९९५ साली राज्यात मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आली. २००७ च्या केंद्रीय कायद्याने मुलांवर आईबापांच्या निर्वाहाची जबाबदारी टाकली, आणि प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असे निवास राज्यांनी उभारावेत अशी तरतूद केली. कौटिल्याच्या दोन्ही कलमांची, मुलावरील दंडाची आणि राजाच्या जबाबदारीची, ही नवी आवृत्ती म्हणता येईल. तेव्हा वृद्धांची घरे वाढणार, हे निश्चित. ती असावीत की नसावीत हा वाद आता मागे पडला आहे. ती कशी असावीत, हा प्रश्न आपल्या गावापुढे आहे, आणि त्याचे उत्तर देण्याइतका इतिहास आपल्या पदरी आहे.

ह्या इतिहासातून आम्हांस अशा घराच्या पाच कसोट्या दिसतात. पहिली जेवणाची : तेथल्या माणसाला आज हे नको, ते करा, असे म्हणता येते काय? महदाइसेने तीनदा चूल पेटविली; आपण आठवड्यातून एक दिवस तरी त्यांच्या पसंतीचा ठेवू शकतो. दुसरी दाराची : स्वतःची पेटी, तिची किल्ली आणि बाहेर हिंडून येण्याची मोकळीक आहे काय? गोविंदप्रभू नव्वदीतही गावभर हिंडत, आणि गाव त्यांच्यावर लक्ष ठेवी. तिसरी कामाची : भाजी निवडणे असो, रोपांना पाणी असो, शेजारच्या पोरांना पाढे शिकविणे असो, जे न झाले तर कोणाचे तरी अडेल असे एखादे काम प्रत्येकाकडे आहे काय? चौथी बोलण्याची : त्यांच्या भाषेत वाचून दाखविणारा, त्यांचे ऐकणारा कोणी रोज येतो काय? आणि पाचवी शेवटच्या आजारपणाची : अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दुसरीकडे हलवितात, की ओळखीच्या हातांनी त्याच घरात सांभाळतात?

ह्या कसोट्या संस्थेला लावाव्यात तशाच आपल्या घरालाही लावून पाहाव्यात, अशी आमची विनंती आहे. मुलाच्या बंगल्यात एका खोलीत बसविलेली, वेळेवर ताट मिळणारी, पण दिवसभर जिच्याशी कोणी बोलत नाही अशी आई घरात आहे एवढ्यावरून ती सुखात आहे असे म्हणता येणार नाही. उलट वलगावच्या वाटेवरच्या आश्रमात चार जणींबरोबर मेथी निवडीत बसलेली बाई केवळ घराबाहेर आहे म्हणून टाकलेली ठरत नाही. निंदा करावयाचीच तर ती ज्या दिवसाला कोणाची वाट पाहणे उरले नाही, अशा दिवसाची करावी. मग तो घरातला असो की आश्रमातला.

अचलपुरात व्याख्यानांना येणारा वर्ग सुशिक्षित आहे, आणि त्यात साठीपुढचे श्रोतेही थोडे नसतात. देणगी देणारे हात गावात आहेत. वाढदिवसाला आश्रमात पंगत घालणारेही आहेत. त्या पंगतीबद्दल आदर ठेवून आम्ही एवढेच सुचवितो की, वर्षातून एकदा पंगत घालण्याऐवजी दर आठवड्याला एक तास तेथे जाऊन बसावे. एखाद्याकडून अंबाडीचा दोर वळायला शिकावे, एखादीला धिरड्याची तिच्या माहेरची रीत विचारावी. वृद्धांना देण्याइतकेच त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे. ते घेण्यासाठी कोणी तरी आले, तर त्यांच्या दिवसाला उद्याची सकाळ राहते.